गंज, आणि नंतरचे

पहिल्या बँडचं नाव आम्ही ठेवलंच नाही.
ते बर्फाच्या कारखान्याच्या दारावर होतं,
कुणीतरी लाल रंगाने लिहिलेलं:
गंज आहे, टेकू नये.
टेकणाऱ्यांच्या पाठींनी बाकीचं पुसून नेलं
आणि एकच शब्द आमच्यासाठी ठेवला.

हर्णै, सत्त्याण्णव साल.
बेसवर मी. ड्रम्सवर नाझीम मुकादम,
बापाच्या लाँचचं इंजिन ठोके घ्यायचं तसाच वाजवायचा,
दर चौथा ठोका गिळून.
आणि गायला पाजपंढरीचा मोरेश्वर तांडेल,
ज्याला गाणं येत नव्हतं.
होळीच्या होमाभोवती सगळ्यांची बोंब तोंडातून निघायची,
त्याची बेंबीखालून.
ती ऐकूनच त्याला धरून आणला होता.

रात्री मशीन थांबली की तालीम.
अमोनियाचा वास, पायाखाली मीठ,
आणि टाकीतल्या लाद्या मधेच तडकायच्या,
आमच्यापेक्षा जास्त तालात.

पहिला कार्यक्रम आंजर्ल्यात, भाद्रपदात.
दुसऱ्या गाण्यात मोऱ्या खर्जात उतरला
तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली,
हळदकुंकू घेऊन स्टेजवर आली, हात जोडून म्हणाली,
कोण हायस तू बाबा? काय पायजे तुला?
मोऱ्याने तोच आवाज न सोडता सांगितलं,
डिझेल.
अर्धा गाव हसला, अर्धा नाही.

मग पुणे. बँडचं नाव आरमार.
त्यातल्या एकानेही होडी वल्हवलेली नव्हती
पण गिटारी चांगल्या होत्या.
सीडी निघाली. दहा प्रती घरी आल्या.
घरात वाजवायला काही नाही,
म्हणून त्याच्या आईने त्या वलांडीवर टांगल्या,
सुकत्या बोंबलांवर कावळे बसू नयेत म्हणून.
वारा सुटला की आरमार गरगर फिरायचं.
कावळे खरंच यायचे नाहीत.

तीन वर्षांनी त्याला काढलं. फोनवर.
नवा गायक आला तो त्याचीच गाणी गायचा,
त्याच्याच जागी श्वास घेऊन.
तिसऱ्या कडव्याआधीचा खोकलासुद्धा पाठ केला होता त्याने.
तो खोकला खरा होता, मोऱ्या मला म्हणाला.
बाकी काही म्हणाला नाही.

कोल्हापुरात भट्टी. अकरा महिने.
गिटारवाल्याची दोन बोटं प्रेसमध्ये गेली,
आणि बँड संपला हे कुणाला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर पणजी, कसिनोची बोट,
लोकांची गाणी, लोकांच्या फर्माइशी.
सात वर्षांबद्दल त्याने एवढंच सांगितलं:
बोट होती रे. पण ती कुठे जायचीच नाही.

परत आला तेव्हा गळ्यात गाठी.
ऑपरेशन. रत्नागिरीच्या डॉक्टरने तीन महिने मौन सांगितलं.
मी त्याला काट्यावर बसवला, हातात पाटी.
चार लाद्या, बारीक करून, तो खडूने लिहायचा
आणि लिलावाच्या घाईतल्या बायका
पाटी न वाचताच त्याच्यावर ओरडायच्या.
त्याला ते आवडत असावं.
तीन महिने संपले. पाटी सुटली नाही.
मी विचारलं नाही.

परवा दापोलीहून पाच पोरं आली.
कुठून कुणास ठाऊक, आमची जुनी कॅसेट त्यांनी ऐकलेली.
काका, नाव घेऊ का? गंज?
मोऱ्याने खडू उचलला, ठेवला,
आणि बोलला.
मी दचकलो. आवाज बारीक होता,
मिसरूड फुटायच्या आधीचा,
कधीकाळी शाळेत माझ्या शेजारी बसायचा तो.
घ्या. पण टेकू नका.

पोरांना वाटलं काहीतरी मोठं ऐकलं.
टी-शर्टवर छापणार म्हणे.

ती गेल्यावर मी क्रशर चालू केला.
त्या घरघरीखाली अजून एक घरघर होती,
बेंबीखालची, किंवा फक्त बेल्ट सैल झालेला.
मी वर बघितलं नाही.
तीन लाद्या सरकवल्या,
चौथीला थांबलो.
नाझीम आता कुवेतला असतो.